उजवा डोळा कामाचा होता

ज्या डॉक्टरने माझ्या उजव्या डोळ्याची वाट लावली त्याचं नाव इथे लिहायचं नाही, असं मला घरच्यांनी बजावलंय. पालघरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या मेव्हण्याने तर हात जोडले. म्हणाला, "भावोजी, काय लिवायचं ते लिवा, पण नाव नको. हॉस्पिटलचं पन नको." ठीक आहे. नाव लिहीत नाही. बोईसरला आहे, काचेचं आहे, आत एसी आहे, एवढंच सांगतो. बाकी मात्र काही सोडणार नाही.

लिहिण्याचं एक कारण चांगलं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेल्या माणसाने डोळ्यात कुठली लेन्स बसवायची हे ठरवण्याआधी हे वाचावं. दुसरं कारण तितकंसं चांगलं नाही. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

काम

मी चिंचणीचा. डायमेकर. आमच्या किनाऱ्याला हे काम घरोघरी चालतं, पण बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी आणि छोट्या हातोडीने उलटी नक्षी कोरायची. तो ठोकळा म्हणजे डाय. सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबतो, की पत्र्यावर फूल, पान, मोर, जे कोरलं असेल ते उठून येतं. तुमच्या घरातल्या बाईच्या कानातलं फूल आमच्यापैकी कुणीतरी कोरलेलं असेल, तिला ते माहीतही नसेल.

कोरताना दोन्ही डोळे लागत नाहीत. एकाला भिंग, दुसरा अर्धवट मिटलेला. भिंगाचा तो कामाचा डोळा. शिकायला बसल्यावर सुरुवातीलाच तो ठरतो आणि मग जन्मभर बदलत नाही. हात त्याच डोळ्याचं ऐकायला लागतो. माझा उजवा होता.

त्यात मला लहानपणापासून लांबचं दिसत नाही. जाड चष्मा. लोक चिडवायचे. पण चष्मा काढला की नाकाजवळ धरलेली वस्तू अशी लख्ख दिसायची की विचारू नका. माझ्या मामांनी मला धंद्याला बसवलं तेव्हा माझा चष्मा बघून तेच खूश झाले. म्हणाले, "हा डोळा आपल्या कामाचा हाय. सांभाळ." मी सांभाळला. कधी वेल्डिंगकडे बघितलं नाही, होळीला रंग जाऊ दिला नाही. सांभाळून सांभाळून शेवटी नेऊन कुणाच्या हातात दिला बघा.

पोलादावर धुकं

पहिल्यांदा मी भिंगाला दोष दिला. शर्टाने पुसलं, मग मलमलच्या फडक्याने पुसलं. मग दिवा बदलला. मग पोलाद खराब आलंय म्हणून दुकानदाराशी भांडलो. कोरलेल्या रेघेची कड दिसायची, पण तिच्यावर कुणीतरी फुंकर मारल्यासारखी वाफ. एका जुन्या गिऱ्हाइकाने पाकळ्यांची डाय परत पाठवली. फोनवर नुसतं म्हणाला, "तुमच्या हातची वाटत नाय." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बायको म्हणाली, "अवो, डोळे दाखवा." मी तिच्यावर खेकसलो. माझ्या डोळ्याला काही होऊ शकतं हेच मला मान्य नव्हतं. शेवटी मुलगा हर्षल सुट्टी काढून आम्हा दोघांना बोईसरला घेऊन गेला. तो तारापूरच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत आहे. त्याच्या कंपनीतले सगळे तिथेच जातात, म्हणून तिथे.

तपासणाऱ्या मुलीने यंत्रातून बघितलं आणि सहज सांगितलं, "मोतीबिंदू आहे काका. उजवा जास्त आहे." जणू पावसाचं पाणी घरात आलंय, उजव्या खोलीत जास्त आहे. भीती वाटली तर कुणाला सांगायचं नाही अशी मला खोड आहे. रिक्षाने परत येताना पास्थळच्या पुढे बायकोने माझ्या हातावर हात ठेवला आणि मी तो काढून टाकला. तारापूर येईपर्यंत मीच तिचा हात शोधत होतो.

"आजी, भिंग कशाला लागेल?"

पुढच्या खेपेलाही आम्ही तिघे गेलो. वेटिंगमध्ये टीव्हीवर एक गोरागोमटा माणूस सारखा चष्मा समुद्रात भिरकावत होता. मग आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. तिथे लेन्सबद्दल समजावून सांगणारी मुलगी होती. बोलायला गोड. तिने एक कार्ड पुढे केलं. एक साधी लेन्स: तिच्यातून लांबचं दिसतं, वाचायला चष्मा लागतो. आणि दुसरी मल्टिफोकल: लांबचं, मधलं, जवळचं, सगळं दिसतं. चष्मा कायमचा सुटतो.

तिने मला विचारलं, पेपर वाचता का? वाचतो. मोबाईल बघता का? बघतो. चष्म्याचा कंटाळा आलाय का? आता साठीला टेकलेल्या कुठल्या माणसाला विचारा, चष्म्याचा कंटाळा आलाय का. हो म्हटलं.

"मग काका, तुम्ही मल्टिफोकलसाठी एकदम परफेक्ट आहात."

"काम काय करता?" हे तिने विचारलं होतं, नाही असं नाही. मी म्हटलं डायमेकिंग. "अरे वा," म्हणाली आणि कार्डाची दुसरी बाजू दाखवायला लागली.

त्या दिवशी त्या इमारतीत एकच शहाणा प्रश्न विचारला गेला आणि तो माझ्या बायकोने विचारला. ती म्हणाली, "ताई, यांना डोळ्याला भिंग लावून कोरायचं काम हाय. लय बारीक. ते जमंल ना या लेन्सनं?"

मुलगी हसली. "आजी, भिंग कशाला लागेल? आता सगळं असंच दिसेल."

बायकोला आजी म्हटल्याचा राग आला आणि तिचं त्या रागातच तोंड बंद झालं. हर्षल म्हणाला, "बाबा, डोळ्याचा प्रश्न हाय. घ्यायचं तर बेस्टच घेऊ." त्याचं मन मोठं, त्याला मी दोष देत नाही.

मग मोठा डॉक्टर. उभ्या उभ्या भेटला. मी सांगायला तोंड उघडलं की साहेब माझं काम असं असं, तर त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली. "काका, आयुष्यभर केलंत ना काम? आता आराम करा. नातवंडांना खेळवा." मला नातवंडं नाहीत. हर्षलचं अजून लग्नही झालेलं नाही. पण खांद्यावर थाप पडली की आपल्याकडचा माणूस गप्प बसतो. डॉक्टरपुढे जास्त बोललं तर तो ऑपरेशन नीट करणार नाही, अशी एक भीती आपल्या हाडात असते.

ऑपरेशनचा दिवस

आम्हा सगळ्यांना एका ओळीत बसवलं होतं. हिरवे गाऊन, डोक्याला टोप्या, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्यावर कपाळाला चिकटपट्टी. एक नर्स ओळीने थेंब घालत जायची आणि शेवटापर्यंत पोचली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या शेजारी वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी होती. तिचं सरकारी योजनेतून होतं, साधी लेन्स. मला म्हणाली, "बाबा, दुखंल का रं?" मी म्हटलं, "नाय दुखत." मला तरी कुठे माहीत होतं.

आत गेल्यावर तोंडावर कापड, वर प्रखर दिवा आणि पाण्याखाली असल्यासारखे रंग. डॉक्टर कुणाशी तरी केळव्याच्या कुठल्या रिसॉर्टबद्दल बोलत होता. माझ्या डोळ्यात हत्यार घालून हा रिसॉर्टच्या जेवणाबद्दल बोलतोय, हे मला तेव्हा खटकलं नाही. उलट वाटलं, किती सहज करतो, हात बसलाय. खरंच बसला होता. ऑपरेशन त्याने उत्तम केलं हे मी आजही सांगतो. पुढे ज्या ज्या डॉक्टरने बघितलं त्याने तेच सांगितलं. म्हणूनच तर डोकं जास्त फिरतं. हाताने चुकला असता तर माणूस आहे म्हटलं असतं.

एक आया होती. पूर्ण वेळ तिने माझा अंगठा धरून ठेवला होता. तिचं तोंड मी पाहिलं नाही. त्या इमारतीतून मला मिळालेली एवढीच एक चांगली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय दिसलं. जन्मात पहिल्यांदा! मी हसलो, मोठ्याने. कुणीतरी म्हणालं, "काका, अंगठा दाखवा." मी दाखवला. त्यांनी फोटो काढला.

कडी

त्या संध्याकाळी समुद्राकडे फेरी मारायला निघालो. समोरून मोटरसायकल आली आणि तिच्या दिव्याभोवती कडी दिसली. एकात एक, एकात एक. बांगड्यांची चळत आडवी धरून आतून बघावं तशी. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. विजेच्या खांबावरच्या दिव्यालाही तीच कडी. वाटलं, नवीन डोळा आहे, बसेल.

डोळा बरा झाल्यावर मी कामाला बसलो. अंगारा लावला, दिवा लावला, भिंग चढवलं.

पोलाद म्हणजे चकाकणारी वस्तू. दिव्याखाली ते धरलं की त्याच्या प्रत्येक कडेवरून उजेड उडतो. आधी तो उजेडच मला वाट दाखवायचा. आता प्रत्येक कडेला एक सावली आणि सावलीला आणखी एक. रेघ एकच, दिसायच्या तीन. कुठली खरी ते कळेना. मी अंदाजाने छिन्नी ठेवली आणि हातोडी मारली. पाकळीच्या मधोमध खड्डा पडला. शिकाऊ असताना माझ्या हातून असं झालं नव्हतं.

मी ती डाय बाजूला ठेवली, दुसरी घेतली. तीही गेली. तिसरी घ्यायला माझा हात धजावला नाही.

त्यानंतरचे दिवस घरात कसे गेले ते बायकोला विचारा. मी कशावरूनही ओरडायचो. भाजीत मीठ कमी, टीव्हीचा आवाज मोठा. हर्षल म्हणाला, "बाबा, थोडं ॲडजस्ट होईल." मी म्हटलं, "तू कर ॲडजस्ट. तुझ्या डोळ्यात घाल आणि कर." त्याने तोंड फिरवलं. त्या लेन्ससाठी तोच पुढे झाला होता, त्यामुळे त्याला ते जिव्हारी लागलं. मला ते माहीत होतं आणि तरी मी बोललो. शिक्षा द्यायची होती डॉक्टरला, मिळत होती पोराला.

मेंदूला सवय होईल

मी बोईसरला पुन्हा पुन्हा गेलो. प्रत्येक वेळी नवीन उत्तर. आधी म्हणाले, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. मग म्हणाले, एकाच डोळ्यात आहे म्हणून त्रास होतोय, डाव्यात पण हीच बसवू, मग जमेल. म्हणजे एक पाय मोडला म्हणून तोल जातो, दुसरा पण मोडू! मग म्हणाले, डोळ्यात आत थोडा पडदा आलाय, लेझरने साफ करून टाकू, दोन मिनिटांचं काम.

मी म्हटलं, "मला कोरता येत नाही." डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "पण काका, तुमचं व्हिजन तर परफेक्ट आहे. सगळ्यात खालची ओळ वाचलीत तुम्ही."

वाचली होती. पांढऱ्या फळ्यावरची काळी अक्षरं मला फाडफाड वाचता येत होती. मी काय फळ्यावरची अक्षरं वाचून पोट भरतो?

वाणगावची म्हातारी तिथे भेटली. तिची शेवटची तपासणी होती. खुशीत होती. म्हणाली, "दिसतंय बाबा, लांबची शेळी पन दिसते." मी तिला बरं वाटलं म्हणालो आणि बाहेर आलो.

आणि मग ते फ्लेक्स लागलं.

बोईसरच्या नाक्यावर, चांगलं दुकानाच्या पाटीपेक्षा मोठं. "चष्म्याला करा टाटा!" आणि खाली कोण? मी. अंगठा दाखवून हसतोय. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. मासळी बाजारात लोक भेटायला लागले. "काका, काय स्मार्ट दिसताय! कशी हाय लेन्स? आमच्या आईला पन तीच करायची म्हनतो." माझ्या तोंडाकडे बघून लोक तिथे चालले होते.

मी भर दुपारी हर्षलच्या मित्राची शिडी मागून घेतली आणि नाक्यावर गेलो. बायको सोबत होती. ती मला अडवायला आली होती, पण फ्लेक्स बघितल्यावर तिनेच शिडी धरली. मी वर चढलो. पूर्ण फाडायचा विचार होता. पण वर गेल्यावर माझा तो हसरा चेहरा बघून वेगळंच सुचलं. ब्लेडने मी फक्त उजवा डोळा कापून काढला. व्यवस्थित, गोल. हात माझा अजून चांगला आहे. खाली उतरलो तर माणसं जमली होती. एक वडापाववाला म्हणाला, "काका, ये क्या किया?" मी म्हटलं, "मैंने नहीं किया. हॉस्पिटल वालों ने किया."

हॉस्पिटलवाल्यांनी मला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवलं. त्या एका दिवसात मात्र अर्ध्या बोईसरने ते बघितलं. त्या संध्याकाळी मी खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

पालघरच्या बाई

मेव्हण्याने पालघरच्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. वयाने मोठ्या, बोलायला तिखट. दवाखान्यात एसी नाही, टीव्ही नाही. माझं सगळं ऐकून त्यांनी डोळा तपासला नाही. म्हणाल्या, "उद्या या आणि तुमचं सगळं सामान घेऊन या. दिवा, भिंग, हत्यारं, सगळं. माझ्यासमोर कामाला बसा."

मी गेलो. त्यांच्या टेबलावर पकड बसवली, दिवा लावला. बाई स्टूल ओढून शेजारी बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग शिंप्याच्या टेपने माझ्या भुवईपासून पोलादापर्यंतचं अंतर मोजलं. मग दिव्याकडे बघितलं, मग पोलादाकडे.

"तुम्हाला ही लेन्स बसवायलाच नको होती," म्हणाल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं. इतके महिने मला सगळे सांगत होते की तुझा डोळा चांगला आहे. म्हणजे मीच वेडा, मीच हट्टी. वेडा नाही, असं म्हणणारं पहिलं माणूस भेटलं.

त्यांनी मला जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. ही लेन्स वाईट नाही. त्यांच्या स्वतःच्या बहिणीला त्यांनीच बसवलीय आणि ती मजेत आहे. वाचते, स्वयंपाक करते, बाजारात जाते. पण ही लेन्स आत आलेला उजेड वाटून टाकते, थोडा लांबसाठी, थोडा जवळसाठी. त्यामुळे बारीक फरक पुसट होतात आणि दिव्यांना कडी दिसतात. म्हणून रात्री गाडी चालवणारा, चकाकणाऱ्या वस्तूवर बारीक काम करणारा, डोळ्याच्या पडद्याला आधीच काही झालेलं असणारा, अशांना त्या ही लेन्स देत नाहीत. "आणि चौथा माणूस म्हणजे," माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जो प्रत्येक गोष्टीत खोट काढतो तो. त्याला तर बिलकूल नाही." बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

"लेझर केलंत का त्यांनी?" बाईंनी विचारलं. नाही म्हटलं. "नशीब. ते केलं असतं तर ही लेन्स काढणं फार अवघड झालं असतं."

आधी त्यांनी डावा डोळा कामाला लावून बघायला सांगितलं. मी लावला. रोज सकाळी बसायचो. हात ऐकेना. डावा सांगायचा एक, हात करायचा दुसरंच. आयुष्यभर उजव्या डोळ्याच्या हुकमात वाढलेला हात तो. मी परत गेलो आणि म्हटलं, "बाई, उजव्यातली काढा."

त्या म्हणाल्या, "धोका आहे. आतलं नाजूक आवरण फाटू शकतं. आत्ता दिसतंय त्यापेक्षा कमी दिसेल, असंही होऊ शकतं. मी केलीत अशी ऑपरेशनं, पण मला ती आवडत नाहीत."

घरी आल्यावर बायकोशी खडाजंगी झाली. ती म्हणाली, "चालता-फिरता दिसतंय ना? र्‍हाऊ द्या. राग काडायला डोळा पनाला लावता?" मी म्हटलं, "त्याची वस्तू मला माझ्या अंगात नको." ती म्हणाली, "बघा! मी काय बोलले? कामाचं नावच नाय तुमच्या तोंडात."

पालघरच्या बाईंनीही ऑपरेशनच्या आधी तेच विचारलं. "सूड घ्यायला आला असाल तर मी हात लावणार नाही. काम करायला आला असाल तर करू." मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "दोन्ही आहे बाई. पण ऑपरेशननंतर सूड नाही जमला तरी चालेल. काम नाही जमलं तर मी घरात बसून बायकापोरांना खाऊन टाकीन." बाई म्हणाल्या, "झोपा टेबलावर."

काढली

ते ऑपरेशन पहिल्यासारखं सहज झालं नाही. वेळ लागला. मध्येच बाई कुणावर तरी ओरडल्या, मग शांत झाल्या. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. सगळं फेडायला जमणार नाही. शेवटी त्यांचा आवाज आला, "आवरण शाबूत आहे." हर्षल बाहेर जिन्यावर बसला होता. त्याने मला धरून खाली नेलं. मी त्याला म्हटलं, "तुझी काय चूक नव्हती रे." तो म्हणाला, "माहितीये, बाबा. तुम्ही पायऱ्या बघा."

नवी लेन्स साधी होती, जवळचं बघणारी. लांबचं पुन्हा पुसट झालं आणि जाड चष्मा परत नाकावर आला. माझ्याइतका खूश चष्मेवाला पालघर जिल्ह्यात सापडणार नाही.

काढलेली लेन्स मी मागून घेतली होती. औषधाच्या छोट्या बाटलीत, काढताना दोन तुकडे केलेली. डोळा स्थिरावल्यावर मी भिंग चढवलं आणि पहिल्यांदा तीच बघितली. आणि बघतच राहिलो. त्या कणभर वस्तूवर कडी कोरली होती. एकात एक, समान, कुठे ओरखडा नाही, कुठे कड तुटलेली नाही. मशीनने केलं असेल, पण कुणीतरी ते मशीन लावलं असेल ना. इतकं सुबक काम मी जन्मात केलेलं नाही. ज्याने ते केलं त्याच्याशी माझं काही भांडण नाही.

मग मी डाय कोरायला घेतली. साधी, पाच पाकळ्यांची. रेघ एकच दिसली. ज्या गिऱ्हाइकाने डाय परत पाठवली होती त्यालाच पाठवली. ती परत आली नाही. पूर्वीइतकं बारीक आता जमत नाही, मोराच्या पिसातली सगळ्यात आतली रेघ मी दुसऱ्याला देतो. तेवढं माझं गेलं ते गेलं.

वस्तू परत

बाटली खिशात घालून मी बोईसरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने अपॉइंटमेंट विचारली. म्हटलं, "डॉक्टरांची एक वस्तू परत करायचीये." मला ओळखलं असावं. तिने अडवलं नाही.

आत एक माणूस स्टुलावर बसला होता, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. डॉक्टरसमोर तेच कार्ड, तीच मल्टिफोकलची बाजू वर.

"या काका, या," डॉक्टर म्हणाला. हसला, पण अर्धवटच.

मी बाटली टेबलावर ठेवली. त्याने उचलून उजेडात धरली आणि ओळखली. "काढून घेतलीत?"

"हो. वस्तू चांगली आहे. माझ्यासाठी नव्हती."

"काका, असं एखाद्या पेशंटच्या बाबतीत होतं. पुढच्या वेळी आम्ही नक्की जास्त काळजी घेऊ."

"पुढची वेळ ही समोर बसलीये," मी म्हटलं. "विचारा."

"काय विचारू?"

"काय काम करतो ते. आणि उत्तर मिळेपर्यंत बघा त्याच्याकडे."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. त्या दिवशी त्याने पोलीस बोलावले असते तरी मी हललो नसतो. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मग त्या माणसाकडे. "आप क्या काम करते हो?"

"टँकर चलाता हूँ साहब. ॲसिड का. तारापूर से रात को ही निकलता है."

डॉक्टरने ते कार्ड उचललं, खणात ठेवलं. म्हणाला, "आपको सादा वाला लगाएँगे."

टँकरवाला गोंधळला. "पर बाहर मॅडम बोली, वो दूसरा वाला बेस्ट है."

"आपके लिए नहीं," डॉक्टर म्हणाला. ते म्हणताना त्याच्या मानेची शीर फुगली ती मी बघितली, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं.

त्याने बाटली माझ्याकडे सरकवली. मी ती परत त्याच्याकडे सरकवली.

"टेबलावरच राहू दे," म्हटलं. "मी येऊन बघत जाईन."

आणि मी जातो. दर बाजाराच्या दिवशी जातो.